मरियमची दुसरी पेटी

पावस,
१२ जानेवारी २०००

सावित्रीवहिनी यांना,
गुलाम रसूलचा सलाम.

माझं पत्र पाहून आश्चर्य वाटेल. जूनमध्ये मरियम गेली तेव्हा मी बहारीनहून पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. त्या गर्दीत तुमच्याशी धड बोलणं झालं नाही. पुढे तुम्ही रघूकडे कोल्हापूरला गेलात. मी तिकडचं सगळं आवरून नोव्हेंबरात कायमचा घरी आलो. नुकतीच ईद झाली. लेक समरीन मुंब्र्याहून येणार होती, पण तिच्या सासूची तब्येत बरी नाही. मी एकटाच होतो.

पत्राचं कारण वेगळं आहे. आमच्या परसात मांजरं येतात, ती तुम्हाला माहीत आहेत. मरियम त्यांना खायला घालायची. मी आल्यापासून मीही मासळीची डोकी टाकतो. मी आत गेल्याशिवाय ती खायला येत नाहीत. त्यांतली एक म्हातारी मांजरी आहे, करडी, पाठीवर काळे पट्टे. तिच्या जबड्याखाली मोठी सूज आली आहे आणि वास येतो. काल तिने बांगड्याचं डोकं तोंडात धरलं आणि टाकून दिलं. असंच चाललं तर ती उपाशी मरेल.

मी रत्नागिरीला जनावरांच्या दवाखान्यात जाऊन चौकशी केली. डॉक्टर तरुण आहेत. म्हणाले, "घेऊन या, बघतो. पण तुमच्या परसात येऊन मी तिच्यामागे धावणार नाही." ते बरोबरच आहे. पण ती मला पाच हातांच्या आत येऊ देत नाही.

मरियम दर महिन्याला कुठलं तरी मांजर डॉक्टरकडे न्यायची आणि तुम्ही सोबत असायचात, हे ती फोनवर सांगायची. कशी पकडायची, हे मी कधी विचारलं नाही. माझं आयुष्य शीतगृहाच्या गोदामात गेलं. खोकी आणि तापमान यांतलं मला कळतं, जनावरातलं कळत नाही. पकडायची रीत लिहून कळवलीत तर उपकार होतील.

आपला,
गुलाम रसूल


कोल्हापूर,
१८ जानेवारी

भावोजी,
नमस्कार.

पत्र मिळालं. इथे आल्यापासून मला आलेलं हे पहिलंच पत्र. सूनबाईने दोनदा विचारलं, कोणाचं. म्हटलं, मांजराचं. मग नाही विचारलं.

ती म्हातारी म्हणजे कर्ली. मरियमने सगळ्यांना माशांची नावं ठेवली होती. लंगडा पांढरा बोका तो बोंबील. लहान सोनेरी ती मांदेली. आणि कर्लीला हात लावला की काटेच काटे, म्हणून ती कर्ली. माझ्या मनगटावर तिची खूण अजून आहे.

आता रीत. मरियमकडे आंब्याची एक जुनी पेटी होती, जिन्याखाली बघा. ती आडवी ठेवायची, झाकण वर सुतळीने बांधायचं. आत भाताचा पेंढा. खाणं पहिल्या दिवशी पेटीच्या तोंडाशी ठेवायचं, मग रोज थोडं आत सरकवायचं. पेटीला हात लावायचा नाही, हलवायची नाही. मांजराला ती आपली वाटायला लागली पाहिजे. एक दिवस ते सगळं अंग आत घेऊन खायला लागतं. तेव्हा सुतळी सोडायची, झाकण लावायचं आणि वरून गोणपाट टाकायचं. अंधार झाला की गप्प बसतं.

कर्लीचा जबडा दुखतोय, तर डोकी कसली घालता. बांगडा उकडा, काटे काढा आणि तांदळाच्या पेजेत कुस्करून द्या. कोमट द्या. मरियम म्हणायची, आमच्या ह्यांनी जन्मभर मासे बर्फात बघितले, ताजा मासा समोर आला तर ओळखायचे नाहीत.

आणि परसात बूट घालून फिरू नका. तुमच्या घरात इतकी वर्षं पुरुषाचं पाऊल वाजलेलं नाही. गावात पिल्लं गोणत्यात भरून बाजारात सोडायला येतात ते पुरुषच. मांजरं ते लक्षात ठेवतात.

सावित्री


पावस,
२७ जानेवारी

सावित्रीवहिनी यांना सलाम.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे केलं, पण जमलं नाही.

पेटी जिन्याखाली मिळाली. फार घाण होती. फळ्यांच्या फटींत केस, ओरखडे, वास. मी ती फिनेलने दोनदा धुतली, उन्हात वाळवली, नवा पेंढा घातला. बूटही काढले. बांगड्याची पेज ठेवली. पण एकही मांजर पेटीजवळ येत नाही. वाडगा बाहेर ठेवला तर खातात, पेटीच्या तोंडाशी ठेवला की लांब बसून बघत राहतात. मांदेली एकदा जवळ आली, नाक वर केलं आणि पळाली.

शेजारचा तहा कुंपणावरून हे सगळं बघत होता. म्हणाला, "चाचा, मी पाग टाकतो. खाडीत बोय उड्या मारतात ती धरतो, मांजर काय बोयपेक्षा चपळ?" मी नको म्हणायला हवं होतं. त्याने जाळं चांगलं गोल फेकलं. त्यात माडाचं एक रोप, बादली आणि त्याचा स्वतःचा पाय एवढं सापडलं. बोंबील कौलांवर गेला. तहाच्या बायकोने तिकडून विचारलं, "काय मिळालं? वाटे लावू काय?"

मला हसू आलं. घरात आल्यावर लक्षात आलं, मरियम गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसलो.

पण कर्ली त्यानंतर विहिरीच्या मागे जाऊन बसली आहे. पेज लांब ठेवून आलो तर थोडी चाटते. सूज फुटली आहे आणि माश्या बसतात. वेळ फार नाही असं वाटतं. माझं काय चुकतंय?

गुलाम रसूल


कोल्हापूर,
१ फेब्रुवारी

भावोजी,

काय चुकतंय म्हणून विचारता. फिनेल.

मांजराला तो वास जवळ फिरकू देत नाही, आणि त्या फळ्या चाटल्या तर विष होतं. तुम्ही घाण म्हणून जे धुतलंत, तो त्यांचा वास होता. इतक्या मांजरांनी त्या पेटीला आपलं म्हटलं होतं. तुमच्या बहारीनच्या साहेबाने शाबासकी दिली असती, कर्ली देणार नाही. ती पेटी आता जाळा किंवा तहाला द्या.

बाजारातली नवी पेटी आणलीत तर तिला ओल्या लाकडाचा वास असतो, त्याची सवय व्हायलाही मांजरांना दहा-पंधरा दिवस लागतात. तेवढा वेळ कर्लीकडे नाही.

आणखी एक पेटी आहे. हे लिहावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. आमच्या बागेतल्या मांगरात, वरच्या माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली आहे. मांगराची किल्ली बागेच्या राखणीला असलेल्या चिमाकडे आहे, माझं नाव सांगा. तीही मरियमचीच. तिला मांजराचा वास नाही, पण मरियमच्या हाताचा असेल. कर्लीला तो पुरेल असं वाटतं. पेटीत चादर राहू द्या, पेंढा नको.

बाहेर नळावर फिनेलची बाटली ठेवली असेल तर तीही उचला.

सावित्री


पावस,
१३ फेब्रुवारी

सावित्रीवहिनी यांना सलाम.

कर्ली सापडली. आधी ते सांगतो, म्हणजे तुम्हाला वाट बघायला नको.

चिमाने किल्ली दिली. पेटी आणून विहिरीजवळ ठेवली आणि मी लांब पायरीवर बसलो. कर्ली थोड्या वेळाने उठली, पेटीभोवती फिरली, चादरीला तोंड घासलं आणि आत जाऊन बसली. पेज आत ठेवायची वेळसुद्धा आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आतच होती. मी झाकण लावलं. तिने फळीच्या फटीतून माझं बोट फोडलं. तुमच्या मनगटासारखीच खूण राहील.

सकाळच्या एस.टी.ने निघालो. पेटीतून आवाज चालू होता. कंडक्टर महिपत तुम्हाला माहीत असेल. तिकीट देताना म्हणाला, "काय वो चाचा, आज पेटी ओरडतेय."

मी म्हटलं, "मांजर आहे आत."

"ता कळला. पण चाचींचा मांजर लय गुणी. कधी म्याव नाय केलान. आमी म्हणायचो, चाची त्याला घरातून समजावून आणतात."

भाट्याचा पूल ओलांडून गाडी रत्नागिरीत शिरली. पुढच्या एका थांब्यावर त्याने घंटी मारली आणि मला म्हणाला, "उतरा, आला तुमचा स्टॉप." मी म्हटलं, जनावरांचा दवाखाना अजून पुढे आहे. तो म्हणाला, "चाची तर हितंच उतरायच्या. दर महिन्याला. सावित्रीकाकी पेटी धरायच्या." मग माझ्याकडे बघितलं आणि पुढे तिकिटं फाडायला गेला.

मी खिडकीतून पाहिलं. तिथे औषधांचं दुकान आहे, फळांची गाडी आहे आणि एक दवाखाना आहे. माणसांचा.

डॉक्टरांनी कर्लीला भूल दिली. बोक्याने चावलं होतं, त्यात पू झाला होता आणि किडे पडले होते. सगळं साफ केलं, एक कुजलेला दात काढला. म्हणाले, उशीर झालाय, पण म्हातारी चिवट आहे. आठवडाभर पेटीतच ठेवायची, औषध पेजेतून द्यायचं आणि पुन्हा दाखवायचं. ती आता माझ्या पडवीत आहे. जगेल की नाही हे अजून सांगता येत नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, मरियम पावसवरून मांजरं आणायची, आठवते का. ते म्हणाले, "हो, आठवतात. तीन-चार वेळा आल्या असतील. चांगल्या बाई." मी म्हटलं, दर महिन्याला यायची ना. ते म्हणाले, "नाही हो."

वहिनी, पेटीबद्दलही सांगतो. खोकी तपासणं हे माझं कामच होतं. जिन्याखालच्या पेटीत ओरखडे होते, केस होते. या पेटीत कर्लीच्या आधीचा एकही ओरखडा नाही. तळाला डाग आहे, पाण्याची बाटली सांडल्यासारखा. कडा हाताने धरून गुळगुळीत झाल्या आहेत, म्हणजे ती पुष्कळ वेळा नेली-आणली आहे. पण कर्लीच्या आधी तिच्यात मांजर कधीच बसलेलं नाही.

तुम्ही कुठे जात होतात?

गुलाम रसूल


पावस,
२६ फेब्रुवारी

सावित्रीवहिनी यांना सलाम.

तुमचं पत्र आलं नाही. मी भांडायला विचारलेलं नाही. मला फक्त समजून घ्यायचं आहे.

कर्लीला पुन्हा दाखवून आणलं. जखम भरते आहे. पेज चाटून वाडगा रिकामा करते. मी समोर असताना खात नाही, पाठ केली की खाते. म्हणून मी पडवीत तिच्याकडे पाठ करून बसतो. तेवढ्या वेळात विचार पुष्कळ होतो.

मी शुक्रवारी फोन करायचो. मरियम मांजरांचंच सांगायची. गेल्या वर्षी एकदा म्हणाली, एका मांजराला सलाईनमधून औषध देतात, त्याचे केस गळायला लागलेत. मी म्हटलं, मांजराचे केस गळतातच, पंख्याखाली झाडून काढ. ती हसली.

परवा मी डॉक्टरांना विचारलं, मांजराचे केस गळतील असं कोणतं औषध सलाईनमधून देतात. ते म्हणाले, आपल्याकडे मांजराला असं काही देत नाहीत. मग त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं.

मला गावात सगळ्यांनी सांगितलं होतं की चार दिवसांच्या तापात गेली. समरीनलाही तेच माहीत आहे.

कोणत्या मांजराचे केस गळत होते, एवढंच लिहा. जास्त लिहू नका.

गुलाम रसूल


कोल्हापूर,
४ मार्च

भावोजी,

कोणत्याच मांजराचे नाही.

जास्त लिहू नका म्हणालात, पण आता लिहायला बसले आहे तर पूर्ण लिहिते. मरियमने मला रघूची शपथ घातली होती. काल रघूला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, मला काही होत नाही. तू लिही."

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर तिला गाठ लागली. काखेजवळ. आधी मलाही सांगितलं नाही. तुम्ही खिडकीतून पाहिलात त्या दवाखान्यात मुंबईचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे. मी म्हटलं, भावोजींना कळव. म्हणाली, नाही. म्हटलं, समरीनला तरी. म्हणाली, तिला कळलं की त्यांना कळलं.

आपलं गाव तुम्हाला माहीत आहे. हातात पिशवी घेऊन थांब्यावर उभं राहिलं की चार जण विचारणार, कुठे चाललीस, कशाला, कोणाकडे. न सांगून चालत नाही, आणि सांगितलं की संध्याकाळपर्यंत भाट्यापर्यंत पोचतं. पण त्याआधी आम्ही दोन-चार वेळा खरोखरच मांजरं नेली होती, आणि तेव्हा लोक नुसते हसले होते. पेटी दिसली की पुढे कोणी काही विचारत नसे. वेड्या बाया, मांजराला एस.टी.ने फिरवतात. मरियमनेच ही युक्ती काढली. जुन्या पेटीला वास यायचा, ती माणसांच्या दवाखान्यात कोण आत नेऊ देणार, म्हणून दुसरी केली. त्यात चादर, पाण्याची बाटली, कागद, आणि परत येताना उलटी झाली तर टॉवेल. ती माझ्या मांगरात ठेवायची, कारण समरीन आली असती तर तिने उघडली असती. चादर तिच्याच अंगावरची. दवाखान्यातून आली की परसात तीच पांघरून बसायची आणि कर्ली तिच्या पायाशी. तिने फक्त मरियमला हात लावू दिला.

केस गेले तेव्हा ओढणी कपाळापर्यंत ओढायची. म्हणाली, आमच्यात हे एक बरं असतं.

तुम्हाला का सांगितलं नाही, हे मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. तुम्हाला वाटत असेल, तुमची नोकरी जाऊ नये म्हणून. तसं नव्हतं. ती म्हणाली, "ते येतील गं. आले की समोर बसून राहतील आणि माझ्याकडे बघतील. मला कोणी असं बघायला नकोय. शुक्रवारी फोन येतो, मी मांजरांचं सांगते, ते हसतात. तेवढा वेळ मी बरी असते."

ताप शेवटी आला तो खरा. चार दिवस तेही खरं.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, तुम्हाला कुठून तरी कळलंय आणि मांजराचं निमित्त करून विचारताय. म्हणून मी तसं हसत लिहिलं. नंतर कळलं की तुम्हाला खरंच फक्त मांजर पकडायचं होतं. पेटीचं सांगितलं तेव्हा हे होणार हे मला माहीत होतं. कर्ली मरू नये असं वाटलं. आणि कदाचित मलाही हे एकटीने सांभाळणं जड जात होतं.

राग येणारच. मी उत्तराची वाट बघणार नाही.

सावित्री


पावस,
१४ मार्च

सावित्रीवहिनी यांना सलाम.

पत्र तीन वेळा वाचलं. राग आहे. काही दिवस राहील. थोडा तुमच्यावर, बराचसा मरियमवर. मेलेल्या माणसावर रागावून कसं राहायचं हे मला अजून कळलेलं नाही. समरीनला फोनवर सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "अब्बा, तुम्ही आला असतात का?" मी म्हटलं, आलो असतो. नंतर दिवसभर मनात येत राहिलं की मरियमने मला जेवढं ओळखलं तेवढं मी स्वतःला ओळखत नाही. मी आलो असतो आणि खरंच समोर बसून राहिलो असतो. मला दुसरं काही सुचलं नसतं.

आता तिच्या तब्येतीचं मांजराच्या नावाने ती जे जे सांगायची, ते मी आठवून बघतो. मांदेली दोन दिवस जेवली नाही, म्हणाली होती. बोंबीलला जिना चढवत नाही. त्यांतलं किती मांजरांचं आणि किती तिचं, हे ओळखता येत नाही. तुम्हाला येईल. एकेक विचारेन, चालेल ना?

कर्लीला सोमवारी सोडली. डॉक्टर म्हणाले, आता पेटीत ठेवण्यात अर्थ नाही. मी झाकण उघडलं आणि सवयीने पाठ करून बसलो. ती गेल्याचा आवाज आला नाही. वळून पाहिलं तर पेटी रिकामी होती आणि ती विहिरीच्या कठड्यावर बसून पंजा चाटत होती. संध्याकाळी बांगड्याचं डोकं दातांनी ओढून नेलं. जगली.

डॉक्टरांना म्हटलं, बाकीची मांजरंही एकेक करून आणीन. मांदेलीच्या कानात काहीतरी झालंय, आणि पिल्लं होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया करता येते असं ते म्हणतात. मांजरावर त्यांनी ती दोनदाच केली आहे, खरं सांगितलं. मी म्हटलं, शिका, माझ्याकडे मांजरं पुष्कळ आहेत.

कर्लीला शेवटचं दाखवून येताना महिपतला सांगून मी त्या थांब्यावर उतरलो होतो. त्याने पेटी खाली उतरवून दिली. दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. आत बरीच माणसं बसली होती. लाकडी बाकं आहेत, पंख्याखाली आहेत आणि खिडकीपाशीही आहेत. मला आत जाता आलं नाही. कुठल्या बाकाकडे बघायचं हेच कळेना, म्हणून परत आलो.

आंबा उतरवायला तुम्ही मेमध्ये येणारच असाल. आलात की एक दिवस माझ्याबरोबर रत्नागिरीला चला. ती कुठे बसायची आणि तुम्ही कुठे बसायचात, ते मला दाखवा. मी शेजारी बसेन, समोर नाही.

गुलाम रसूल